दाताच्या खुर्चीजवळ कुत्र्याची सोबत: दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी मार्गदर्शन

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे आणि मोजकेच शब्द बोलतो. सहाव्या वर्षी त्याच्या खालच्या दोन दाढा किडल्या. पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेलो तिथे चौघांनी त्याला धरून ठेवलं आणि दात तपासले. तपासणी तीन मिनिटांत उरकली. पुढचे आठ महिने त्याने घरीसुद्धा ब्रश तोंडाला लावू दिला नाही. रस्त्यात पांढरा कोट दिसला तरी तो खाली बसून कान झाकायचा.

मग विशेष मुलांच्या शाळेतल्या एका आईने थेरपी डॉगबद्दल सांगितलं. त्या दिवसापासून दाढांवर उपचार होईपर्यंत आमचे सात महिने गेले. त्यातले तीन तरी वाया गेले, कारण काय आधी आणि काय नंतर हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. कुत्रा कशासाठी हवा, हे आधी ठरवा

थेरपी डॉग म्हणजे शांत स्वभावाचा, पारखून घेतलेला कुत्रा. तो त्याच्या प्रशिक्षित माणसाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच परत जातो. त्या माणसाला सगळे हँडलर म्हणतात, मीही तेच म्हणेन. दृष्टिहीन माणसाला वाट दाखवणारा कुत्रा वेगळा आणि तुमच्या घरातला लाडका कुत्राही वेगळा. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या लक्षात आलं होतं की कोणाशीच न बोलणारं मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी मात्र जवळीक करतं. १९६२ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि कुत्र्याला सहउपचारक म्हटलं. ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

दाताच्या दवाखान्यात कुत्रा तीन कामं करतो. बाहेर थांबण्याचा वेळ सुसह्य करतो. मुलाच्या हातांना काहीतरी देतो: मऊ केस, ऊब, संथ श्वास. आणि मांडीवर डोकं किंवा पायांवर अंग टाकून पडला तर त्याच्या वजनाचा स्थिर दाब मुलाला मिळतो. ऑक्युपेशनल थेरपीत ज्यांच्या मुलांना वजनदार गोधडी किंवा घट्ट मिठी लागते, त्यांना या दाबाची किंमत वेगळी सांगायला नको.

कुत्र्याने दुखणं कमी होत नाही, बधिरतेचं इंजेक्शनही टळत नाही. आठ-दहा दात एकदम करायचे असतील किंवा मूल अजिबात स्थिर राहू शकत नसेल, तर पूर्ण भूल देऊन एकाच वेळी उपचार करणं हाच त्या मुलासाठी दयाळू मार्ग असू शकतो. हा निर्णय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्या. कुत्र्याच्या आशेवर सुजलेली हिरडी किंवा पू झालेला दात लांबवू नका. ताप किंवा गालाला सूज असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा.

२. मुलाचं आणि कुत्र्याचं जमतं का, ते दवाखान्याबाहेर पाहा

आमची पहिली मोठी चूक इथेच झाली. मुलगा कुत्र्याला पहिल्यांदा भेटला तो थेट दवाखान्यात. एक नवीन आणि एक भीतीची अशा दोन गोष्टी एकाच दिवशी समोर आल्या, आणि कुत्राही त्या भीतीत जमा झाला. ते पुसायला सहा आठवडे लागले.

म्हणून पहिली भेट मैदानात, सोसायटीच्या बागेत किंवा शाळेत ठेवा. दहा मिनिटं पुरेत. पहिल्या भेटीत हात लावायची सक्ती नको, लांबून बघू द्या. माझ्या मुलाने पहिले दोन दिवस फक्त कुत्रीच्या शेपटीकडे पाहिलं. तिसऱ्या भेटीत तो स्वतःहून “भूभू” म्हणाला. त्या आठवड्यातला तो त्याचा एकमेव शब्द होता.

भेटीआधी या गोष्टी तपासा:

- कुत्र्याच्या केसांची किंवा लाळेची अ‍ॅलर्जी, दमा, अंगावर इसब.
- केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं. ती चालू असतील तर मुलाच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- मूल अचानक जोरात पकडतं का, चावतं का. असेल तर हँडलरला आधीच सांगा. लपवलं तर कुत्र्याला इजा होईल, आणि कुत्रा घाबरला तर मुलाला.
- घरच्यांचं मत. माझ्या सासूबाईंना कुत्रं दवाखान्यात ही कल्पनाच पटेना. त्यांना एका भेटीला बागेत नेलं. पटवत बसण्यापेक्षा ते सोपं गेलं.

मुलाला कुत्रा आवडलाच नाही, तर तिथेच थांबा. कुत्र्याची भीती घालवणं हे वेगळं काम आहे, ते दातांच्या कामात मिसळू नका.

३. दाताचे डॉक्टर निवडा

मुलांच्या दातांमध्ये एमडीएस केलेले डॉक्टर शोधा. या शाखेला पेडोडॉन्टिक्स म्हणतात आणि दिव्यांग मुलांवर उपचार हा तिच्या शिक्षणाचा भाग असतो. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी दंत महाविद्यालयांत हा विभाग असतो: मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे. मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. मात्र मोठ्या महाविद्यालयात एका हॉलमध्ये अनेक खुर्च्या, अनेक मशीन आणि गर्दी असते. तिथे कुत्रा नेण्यासाठी अधिष्ठात्यांना लेखी अर्ज करावा लागेल, आणि परवानगी मिळाली तरी तो गोंगाट कुत्र्याला झेपेलच असं नाही. कुत्र्यासह जायचं तर एक-दोन खुर्च्यांचा खासगी दवाखाना सोयीचा पडतो.

फोनवर हे प्रश्न विचारा: उपचाराआधी नुसत्या भेटीसाठी येऊ द्याल का? मूल “थांबा” म्हणालं किंवा हात वर केला तर थांबाल का? इतर रुग्ण नसतील अशी वेळ द्याल का? दुसऱ्या प्रश्नावर जे डॉक्टर अडखळले, तिथे आम्ही गेलो नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २५ मध्ये दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. हे सौम्यपणे सांगून सकाळची पहिली वेळ मागा. सकाळी मूल ताजं असतं, कुत्राही.

डॉक्टरांना या गोष्टी आपणहून सांगा, विचारण्याची वाट पाहू नका. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या वाढू शकतात. डाउन सिंड्रोममध्ये हृदयाचा दोष असेल तर काही उपचारांआधी प्रतिजैविक लागू शकतं, आणि मानेचे मणके सैल असू शकतात म्हणून मान मागे वाकवताना जपावं लागतं. स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या मुलांना रबरी हातमोज्यांतल्या लॅटेक्सची अ‍ॅलर्जी बऱ्याचदा असते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला खुर्ची पूर्ण आडवी केली की लाळ घशात जाऊन ठसका लागू शकतो.

आणखी एक विचारा: ड्रिल न लावता काही करता येईल का? सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध किडीवर नुसतं लावून कीड थांबवता येते. ते दुखत नाही, पण किडलेला भाग कायमचा काळा दिसतो. आमच्या एका दाढेचं काम त्यावर भागलं. मागची दाढ, काळी दिसली तर दिसली.

४. कुत्रा आणि हँडलर पारखून घ्या

इथे घाई करू नका. भारतात थेरपी डॉगसाठी सरकारी परवाना असं काही नाही, संस्था आपापल्या पद्धतीने कुत्रे पारखतात. त्यामुळे “सर्टिफाइड” लिहिलेलं जाकीट कोणीही कुत्र्याला घालू शकतो. प्राण्यांच्या मदतीने थेरपी देणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत, मुंबई-पुण्याकडची अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही त्यांतली जुनी. कोणत्याही संस्थेला फोन केलात तरी दाताच्या दवाखान्यात काम करायची त्यांची तयारी आहे का, हे पहिल्याच वाक्यात विचारा. शाळेत छान वागणारा कुत्रा दवाखान्याच्या वासाने आणि आवाजाने बावरू शकतो.

हे विचाराच:

- कुत्र्याचं वय किती? अमेरिकेतल्या रुग्णालयांतील संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली दिलेल्या सूचनांनुसार कुत्रा किमान एक वर्षाचा हवा आणि एक सत्र तासाभरापेक्षा लांबू नये. पिल्लू कितीही गोड असलं तरी या कामाचं नाही.
- रेबीज आणि इतर लसी, जंताचं औषध, गोचीड-पिसवांवरचा उपचार यांच्या तारखा. पशुवैद्याचं लसीकरण पुस्तक हातात घेऊन पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्याचीही लस झालेली हवी.
- कच्चं मांस खायला देतात का? त्याच सूचनांप्रमाणे, देत असतील तर तो कुत्रा दवाखान्यात नको.
- महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आहे का?
- हँडलर कोण आहे? दिव्यांग मुलांबरोबर त्याने किंवा तिने काम केलंय का?
- कुत्रा थकला किंवा नको म्हणाला तर तुम्हाला कसं कळतं? माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. “आमचा कुत्रा कधीच नाही म्हणत नाही” असं उत्तर आलं, तर आभार मानून फोन ठेवा.

शेजाऱ्यांचा गुणी लॅब्राडोर नेऊन भागेल का, असं मला अनेकजण विचारतात. नेऊ नका. कोणी पाय आपटले, किंचाळलं, शेपटीवर पाय दिला तर तो काय करेल हे शेजाऱ्यांनाही माहीत नसतं.

५. कागदपत्रं

एका पाकिटात घालून ठेवा:

- युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, छायाप्रतीसह
- चालू औषधांची यादी आणि बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी. हृदयाचा दोष किंवा फिट असतील तर त्या डॉक्टरांचंही पत्र
- कुत्र्याचं लसीकरण पुस्तक आणि पशुवैद्याचं अलीकडचं आरोग्य प्रमाणपत्र, यांची प्रत
- दवाखान्याची लेखी परवानगी. निरोपाच्या स्वरूपात असली तरी चालेल, पण लेखी
- तुमचं संमतीपत्र: मुलाला कुत्र्याच्या सहवासात ठेवण्यास हरकत नाही
- एक पानी माहिती: मुलाला काय आवडतं, कशाने घाबरतो, “थांबा” कसं सांगतो

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना पाहा. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि दातांच्या काही खर्चाचाही त्यात समावेश आहे. मूळ बिलं जपून ठेवा. कुत्र्याच्या भेटीचं शुल्क उपचाराच्या बिलात मिसळू देऊ नका, वेगळी पावती घ्या, नाहीतर दावा अडकतो.

६. घरची तयारी

दोन-तीन आठवडे धरा. दवाखान्याचं दार, खुर्ची, दिवा, डॉक्टरांचा मास्क घातलेला चेहरा आणि कुत्रा यांचे फोटो काढून आणा आणि क्रमाने एका वहीत चिकटवा. रोज रात्री ती वही वाचा. घरी आरामखुर्चीत मुलाला मागे रेलून बसवा, मोबाइलचा टॉर्च तोंडावर धरा, चमच्याच्या मागच्या बाजूने दात मोजा. आधी दोन, मग चार. आम्ही कापडी कुत्रा मांडीवर ठेवून हे करायचो. पहिल्यांदा त्या कापडी कुत्र्याचे दात मोजले, मग बाबांचे, मग त्याचे.

सक्शनच्या, म्हणजे तोंडातली लाळ ओढून घेणाऱ्या नळीच्या, आवाजाची सवय फोनवर आवाज लावून करता येते. सुरुवात अगदी बारीक आवाजापासून करा.

७. पहिल्या भेटी: उपचार नाही

दंतवैद्यकात एक जुनी पद्धत आहे, १९५९ साली अ‍ॅडलस्टन यांनी मांडलेली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. कुत्रा असला की मधली पायरी फार सोपी होते, कारण दाखवायला एक शांत सवंगडी असतो.

आमच्या भेटी अशा झाल्या. पहिल्या भेटीत फक्त दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, मुलगा आणि भूभू जमिनीवर चटईवर. डॉक्टर साध्या कपड्यांत येऊन बसल्या, कुत्रीला थोपटलं आणि निघून गेल्या. दुसऱ्या भेटीत कुत्री खुर्चीजवळ गेली आणि आडवी झाली. मुलगा तिच्या मागे गेला. खुर्चीवर बसला नाही. आम्ही घरी आलो. तिसऱ्या भेटीत तो बसला, खुर्ची वरखाली केली, डॉक्टरांनी आरशाने त्याच्या नखाला स्पर्श केला, मग ओठाला. चौथ्या भेटीत सगळे दात मोजून झाले. कुत्रीचं डोकं त्याच्या घोट्यांवर होतं आणि त्याचा उजवा हात खाली लोंबत तिच्या कानात रुतलेला.

तिसऱ्या भेटीलाच कोणीतरी म्हणेल, “आता बसलाय तर करूनच टाकू.” करू देऊ नका. मुलाला सांगितलं तेवढंच त्या दिवशी व्हायला हवं.

दुसरा सापळा कुत्र्याची सोबत लाच म्हणून वापरण्याचा. “तोंड उघड, नाहीतर भूभूला पाठवून देईन” हे वाक्य माझ्या तोंडून एकदा निघालं आणि हँडलरने मला बाजूला घेऊन समजावलं. तोंड उघडो न उघडो, कुत्रा मुलाजवळ बसणार. त्याची सोबत कमवावी लागली, की ती सोबत उरत नाही.

८. उपचाराच्या दिवशी

कुत्र्याला चोवीस तासांच्या आत अंघोळ घातलेली आणि केस विंचरलेले हवेत. पावसाळ्यात दारातच पंजे पुसून कोरडे करा. खुर्चीच्या पायाच्या बाजूला घरून आणलेली स्वच्छ चादर अंथरा. मांडीवर घ्यायचं असेल तर मुलाच्या अंगावर वेगळी चादर, ती काम झालं की थेट पिशवीत. पट्टा आखूड आणि कायम हँडलरच्या हातात. मुलाने पट्टा मागितला तर दुसरा, नुसता धरायला द्या.

हत्यारांचा ट्रे कुत्र्याच्या बाजूला नको. डॉक्टर किंवा मदतनीस यांनी कुत्र्याला हात लावला तर हात धुऊन नवे हातमोजे घालायचे. हे सांगताना संकोच करू नका.

आवाजाचं नीट समजून घ्या. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. दात साफ करायचं अल्ट्रासॉनिक स्केलर २५ हजारांच्या पुढे चालतं. म्हणजे आपल्याला ज्याची फक्त भुणभुण जाणवते, तो आवाज कुत्र्याला पूर्ण ऐकू येतो. शिवाय ड्रिल आणि स्केलरमधून लाळेचे बारीक तुषार उडतात. म्हणून आमच्या डॉक्टरांचा नियम मला पटला: ही यंत्रं चालू करण्याआधी कुत्रा बाहेर. एक्स-रे काढतानाही बाहेर. बधिरतेचं इंजेक्शन देईपर्यंत भूभू पायाशी होती, मग ती काचेच्या दाराबाहेर बसली, मुलाला दिसेल अशी. काम झालं की लगेच आत. या येण्याजाण्याचा सराव आधीच्या भेटींत केला नाही, तर ऐन वेळी मुलाला वाटतं की सोबत सोडून गेली. फोटोंच्या वहीत “भूभू दाराबाहेर” असं पान जरूर घाला.

उपचारानंतर ओठ बधिर असतो, मूल तो चावू शकतं. दोन-तीन तास लक्ष ठेवा. तेवढा वेळ कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊ देऊ नका, हिरडीला ताजी जखम असते.

मुलाचे हात आत जाताना आणि बाहेर येताना साबणाने धुवा. आणि हे नीट लक्षात ठेवा: खेळताना जरी नख किंवा दात लागून ओरखडा उठला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याची लस झालेली असली तरीही.

९. कुत्र्याचं “नको” ओळखा

वारंवार जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्यांची पांढरी कड दिसणं, शेपटी पायांत घेणं, धाप लागणं, दाराकडे पाहत राहणं. यातलं काही दिसलं तर हँडलरला सांगा आणि कुत्र्याला जाऊ द्या, मुलाचं काम अर्धवट असलं तरी. आमच्या पाचव्या भेटीत भूभू दोनदा जांभई देऊन भिंतीकडे तोंड करून बसली. हँडलर तिला घेऊन गेली. मला त्या क्षणी खूप वाईट वाटलं, दिवस फुकट गेला असं वाटलं. पण मुलगा उठून दारापर्यंत गेला, तिला जाताना पाहिलं, आणि घरी येऊन त्याने पहिल्यांदा माझा ब्रशचा हात बाजूला करून “नको” म्हटलं. ओरडला नाही, जमिनीवर पडला नाही. मी हात मागे घेतला. दहा मिनिटांनी त्याने स्वतः ब्रश आणून दिला.

१०. नंतरच्या तपासण्या

दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी लागते, किती ते डॉक्टर सांगतील. गोड सिरपमधली औषधं रोज घेणाऱ्या मुलांना कीड लवकर लागते. औषधानंतर पाण्याने चूळ भरायला लावा, जमत नसेल तर ओल्या कापडाने दात पुसा.

प्रत्येक वेळी कुत्रा मिळणार नाही. तो आजारी पडेल, म्हातारा होईल, हँडलर गाव बदलेल. म्हणून चौथ्या-पाचव्या भेटीपासून त्याच चादरीचा तुकडा किंवा कापडी कुत्रा बरोबर न्यायला लागा आणि खरा कुत्रा थोडा उशिरा आत येऊ द्या. आमची मागची तपासणी भूभूशिवाय झाली. तिचा फोटो खुर्चीच्या हातावर चिकटवला होता. पुढची वेळ घेताना आधी हँडलरची तारीख विचारा, मग डॉक्टरांची. उलट केलं तर दोन्ही जुळवताना महिना जातो.